एक सोडून

"ये आश्रुबा, ये. बस असा," किशनराव पाटील म्हणाले आणि आश्रुबा आहे तिथंच थबकला.

थबकण्यासारखं त्यात काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण आश्रुबा पन्नाशीच्या पुढं सरकला तरी पाटलांनी त्याला ‘आश्र्या’ याखेरीज दुसरी हाक कधी मारली नव्हती. त्याआधी त्यांच्या वडिलांनीही नाही. बापानं ठेवलेलं पुरं नाव पाटलांच्या तोंडून त्यानं याआधी एकदाच ऐकलं होतं, सहा महिन्यांमागं, वैशाखात. त्या हाकेपायी पुढं काय घडलं ते अख्ख्या डोंगरटाकळीला ठाऊक होतं. म्हणजे निम्मं ठाऊक होतं. उरलेलं निम्मं एकट्या आश्रुबाला ठाऊक होतं, आणि ते त्यानं बायकोच्याही कानावर घातलं नव्हतं.

तो ओसरीखाली, पायरीला न शिवता, मातीत उकिडवा बसला. पाटलांनी स्वतःच्या हातानं त्याच्या ओंजळीत वरून गुळाचा खडा टाकला. वैशाखातही असाच खडा टाकला होता.

पाटलांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. पोळ्यापर्यंत, तहसिलात जायचं झालं की त्याच डोक्यावर लाल रुमी टोपी चढायची, काळ्या गोंड्याची. भाद्रपदात मिलिट्री आली, चार दिवसांत निजामाचं राज्य बुडालं, रझाकार पळाले आणि पाचव्या दिवशी पाटलांची टोपी बदलली. डोकं तेच राहिलं. फौजेला निजाम वाकवता आला, पण पाटील वाकवायला सांगायचं बहुतेक दिल्लीवाले विसरले असावेत.

"आज दोपारी साहेब यायलाय," पाटील म्हणाले. "गावाची कमिटी नेमायची हाय. पाच जन, तेच्यातला एक मुख्य. बाकीचे चौघं ठरल्यात. मुख्याला दोन नावं हायती. एक मी, दुसरा आपला उद्धव मास्तर. तू दवंडी दे."

"काय वरडू, मालक?"

"खरं तेच वरड की. आता राज्य तुमचं हाय म्हनावं. ज्याला जो मानूस पसंत, तेच्या मागं उभं ऱ्हायचं. कुनाचा दाब न्हाई, कुनाचं भ्याव न्हाई. बायामानसांनी बी यायचं."

आश्रुबानं गुळाचा खडा धोतराच्या सोग्यात बांधला. "आन मालक, आमच्या मांगवाड्यानं?"

"तुमी बी या. समदे सारखे, आसा हुकूम हाय." पाटील मिशीत हसले. "तू काय बाबा, वाजवायलाच लागशील म्हना."

घरी येऊन आश्रुबानं पाचटाचा जाळ केला आणि हलगी शेकायला धरली. कातडं तापून ताणलं जाईतो हलगीला नुसतं उलटंपालटं करत राहायचं, घाई करायची नाही. हे काम त्याला आवडायचं. आजही हात आपसूक चालले होते, पण डोक्यात मात्र एकच वाक्य घुमत होतं. ज्याला जो पसंत, त्याच्या मागं उभं राहायचं. सांगताना पाटील हसले होते हे खरं, पण हुकूम साहेबाचा होता. वरचा होता. म्हणजे तो, आश्रुबा भिवा, हलगीवाला, आज दुपारी किशनराव पाटलाला सोडून दुसऱ्याच्या मागं उभा राहू शकत होता, आणि त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं.

"मी उद्धव मास्तरमागं उभा ऱ्हानार हाय," तो बायकोला म्हणाला.

कडूबाई शेणी थापत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "ऱ्हा की. मंग वरीसभराचं बलुतं कोन घालील? मास्तर? तेच्याच घरी दोन दिसाला चूल पेटायलीय."

"मास्तर जेलात जाऊन आलाय गावापायी."

"जाऊन आला म्हनून तर चूल पेटंना." तिनं हात धुतले आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आवं, त्या चंद्रभानचं मनाला किती लावून घ्याल? पाटलानं जे सांगितलं ते तुमी वरडलात. तुमचा काय दोस? तुमाला काय ठावं व्हतं?"

आश्रुबानं हलगीवर बोट वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत आला. तो उठला आणि बाहेर पडला.

आता चंद्रभानचं सांगायलाच हवं, त्याखेरीज या गोष्टीला अर्थ नाही.

धुरपताबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला, दोन एकर जमीन, एक बैल. उद्धव मास्तर मारुतीच्या देवळात पोरांना चोरून मराठी शिकवायचे, कारण सरकारी शाळेत सगळा कारभार उर्दूत. त्या पोरांत हा सगळ्यात वांड. मास्तरांना पकडून परभणीच्या जेलात टाकलं तेव्हा या पठ्ठ्यानं पाच-सहा जण गोळा केले आणि निजामाला अबकारीचा, म्हणजे दारूचा कर मिळवून देणारी सिंदीची सव्वाशे झाडं आडवी केली. मग रझाकार आले. पोरं पूर्णा ओलांडून पलीकडं वऱ्हाडाच्या अंगाला रानात जाऊन बसली. रझाकारांनी गाव झोडपून काढला, पण पोरं काही हाती लागली नाहीत. नदी त्यांना ओलांडता येत नव्हती असं नाही, पलीकडलं रान त्यांना ठाऊक नव्हतं.

तेव्हा पाटलांनी आश्रुबाला बोलावलं. "ये आश्रुबा, बस असा." आणि सांगितलं की दवंडी दे, रझाकार झरीकडं निघून गेले, सिंदी तोडणाऱ्यांना तहसीलदारानं माफी दिली, रानात बसलेल्यांनी घरी यावं. "आन नदीच्या काठाला जरा मोठ्यानं वरड."

आश्रुबाच्या आवाजाची ख्याती येलदरीपर्यंत होती. तो पूर्णेच्या या काठावरून ओरडला की त्या काठावरची गुरं माना वर करायची. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या दवंडीला खोट नव्हती. हरवलेलं वासरू असो, पटकीची सुई असो, सरकारी लेव्हीचं धान्य घालायची तारीख असो, आश्रुबा ओरडला म्हणजे तसंच असणार. गावात कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, आश्रुबाला वरडू दे, मंग बगू.

त्या दिवशी पाटलांच्या ओसरीवरून निघताना तो गोठ्याच्या मागून गेला. गोठ्यामागं घोडे बांधले होते. सात. गावात पाटलांची एक घोडी सोडली तर घोडं नव्हतं. पाटलांचा चुलतभाऊ भुजंग त्या सातांपुढं वैरण टाकत होता, आणि एका घोड्याच्या खोगिराला बंदूक लटकत होती.

आश्रुबानं पाहिलं. पाहून त्यानं काय केलं? वालूरच्या बाजाराला निघालेले व्यापारी असतील, असं स्वतःला सांगितलं. व्यापारी बंदुका घेऊन कधीपासून हिंडायला लागले, हा प्रश्न त्यानं मनात उभाच राहू दिला नाही. पाटलांचं पाहिलेलं न पाहिलेलं करायचं, ही त्याच्या घराण्याची सात पिढ्यांची सवय होती. तो नदीवर गेला आणि जीव तोडून ओरडला.

चंद्रभान दुपारी आला. आईनं भाकरी थापली. तो अर्धी भाकर खाऊन झाला होता तेव्हा दारात घोडे थांबले. त्याला वेशीपर्यंत चालवत नेला आणि तिथं लिंबाखाली गोळी घातली.

धुरपताबाई आश्रुबाला एका शब्दानं बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या दारावरून जाताना आश्रुबाची हलगी वाजत नव्हती. तो ती काखेत दाबून, खाली मान घालून, गल्ली ओलांडायचा आणि पुढच्या घरापाशी पुन्हा वाजवायला लागायचा. दवंडीवाल्याला दारातून कोर-चतकोर भाकरी घालायची रीत होती. त्या दारातून त्याला सहा महिने काही आलं नव्हतं, आणि त्यानं मागितलंही नव्हतं.

म्हणून आजचा दिवस त्याला हवा होता. किशनराव पाटील आज पडला, एवढं एक झालं, तर आपण त्या दारात उभं राहून हलगी वाजवू. एवढाच त्याचा हिशेब होता. लोकशाही, राज्य, दिल्ली यातलं त्याला काही कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्यांनी तरी काय दिवे लावले ते पुढं दिसेलच.

"ऐका हो ऐका! आजपासून राज्य तुमचं हाय हो! ज्याला जो मानूस पसंत, तेच्या मागं उभं ऱ्हावा! कुनाचा दाब न्हाई, कुनाचं भ्याव न्हाई हो!"

सबंध गावात तो असा ओरडत गेला. लोक कापूस वेचायला निघाले होते, ते थांबून ऐकत आणि एकमेकांकडं बघत. कुणी हसलं नाही, की कुणी आनंदलंही नाही. सुताराच्या दारात बसलेला एक म्हातारा तेवढा म्हणाला, "वैशाखात बी आसाच कौल वरडला व्हतास न्हवं, आश्र्या? माफीचा?"

आश्रुबाचा हात हलगीवरच थबकला. "आज खरं हाय, बाबा."

"तवा बी तू हेच म्हनला व्हतास," म्हातारा म्हणाला आणि त्यानं चिलमीत लक्ष घातलं.

काय नशीब बघा. खोटं ओरडला तेव्हा चंद्रभान नदी ओलांडून आला, आणि खरं ओरडला तेव्हा समोरचा म्हातारा ओटा उतरून येईना. धुरपताबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. आश्रुबानं हलगी काखेत दाबली आणि तो तिच्यापुढून मुकाट निघून गेला.

दुपारी वेशीपाशी गाव जमला. मंडप घातला होता, त्यावर पत्रे होते. पत्रे बडेमियाँ पिंजाऱ्याच्या घराचे. गावातलं ते एकच मुसलमानाचं घर. रझाकार येत तेव्हा हा बिचारा गोधड्यांच्या ढिगामागं लपायचा. पण रझाकार पळाले आणि गावाचा राग गावातच राहिला, तो कुणावर तरी निघायला हवा होता. बडेमियाँ बायकापोरांसह रातोरात कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. पत्रे उतरवायला सगळ्यांत पुढं भुजंग होता. घोड्यांना वैरण टाकणारा, तोच.

साहेब नागपूरकडचा होता. तरणा, खाकी कपड्यातला, मनगटावर घड्याळ बांधलेला. माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळ्यांना रामराम केला, मांगवाड्यालाही केला, आणि मांगवाडा त्यानं इतका गोंधळून गेला की उलट रामराम करायचं कुणाला सुचलं नाही. त्यानं दोन खुर्च्या मांडायला लावल्या. एकीवर पाटील बसले, बरोबर वेशीच्या तोंडाशी. दुसरीवर, लिंबाच्या बाजूला, उद्धव मास्तर बसले, छातीवर उपरणं ओढून, मधून मधून खोकत. प्रत्येक खुर्चीपासून मागं साहेबानं चुन्याच्या फक्कीची एकेक पांढरी रेघ मारून घेतली.

"ज्याला जो पसंत असेल त्याच्या रेघेवर जाऊन उभं राहायचं," साहेब म्हणाला. "मी मोजीन, लिहून घेईन. झालं. घाबरायचं कारण नाही."

कुणी हललं नाही. अडीचशे माणसं जिथल्या तिथं, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी. साहेबानं घड्याळ पाहिलं. त्याला दिवस मावळायच्या आत अजून दोन गावं उरकायची होती.

"अरे, तू हलगीवाला ना? वाजव जरा. वाजवलं की माणसं हलतात."

आणि आश्रुबानं वाजवलं.

आता तुम्हीच सांगा, वेशीपाशी, गाव जमलेला असताना, पोळ्याच्या तोरणाच्या जागी पाटील असताना, त्या हलगीतून दुसरं काय निघणार होतं? वर्षातून एकदा, श्रावणी अमावस्येला, तो याच जागी उभा राहून वाजवायचा आणि गावाचे बैल ओळीनं लागायचे. पुढं पाटलांचा मानाचा बैल, मग पाटलांची भावकी, मग कुलकर्ण्याचा, मग मोठे शेतकरी, मग लहान, आणि सगळ्यात शेवटी महारवाड्या-मांगवाड्यातलं एखादं मरतुकडं जनावर. या ओळीपायी गावात दोन खून पडले होते. कुणाचा बैल कुणामागं, हे डोंगरटाकळीतल्या पोरासोरालाही झोपेत विचारा, सांगेल. आश्रुबाच्या हातांना वेशीतला हा एकच ठेका ठाऊक होता. ते त्याच्यावर पडले.

पहिल्यांदा भुजंग पुढं झाला आणि पाटलांच्या खुर्चीमागं उभा राहिला. त्याच्यामागं भावकी. मग कुलकर्णी, उपरणं सावरत. कुणी कुणाला खूण केली नाही, धाक घातला नाही. पायच चालले. माणसं आपापल्या बैलांच्या जागी जाऊन उभी राहिली, आणि ज्याच्या पुढं जो असायला हवा तो आहे ना, एवढंच प्रत्येकानं पाहून घेतलं. दोघा भावांत तर पुढंमागं होण्यावरून बाचाबाचीही झाली. ओळ फक्कीची रेघ संपवून पार पिंपळापर्यंत गेली. धुरपताबाईच्या एका बैलाची जागा मधे होती, सुताराच्या मागं. पोळ्याला तिथं चंद्रभान कासरा धरून उभा राहायचा. तिथं आता म्हातारी जाऊन उभी राहिली.

तिला तिथं पाहिलं आणि आश्रुबाच्या ध्यानात आलं आपण काय वाजवतोय ते. हात जागीच थांबले.

"आरं, पोळा न्हाई ह्यो!" तो ओरडला. "निवडनूक हाय बाबांनो! जागा सोडा की! ज्याला जो पसंत—"

ओळीत हशा पिकला. सकाळपासून गाव पहिल्यांदाच हसला, तो असा. पाटीलही हसले. साहेबाला काही कळलं नाही, पण तोही हसला.

"आश्र्या, तुझी जागा तिकडं शेवटाला हाय," ओळीतून कुणीतरी म्हणालं. "जा, उभा ऱ्हा."

आश्रुबानं हलगी गळ्यात मागं सारली. तो चालत गेला आणि मास्तरांच्या रेघेवर उभा राहिला. त्या रेघेवर तो एकटाच होता. पांढरी फक्की इतकी स्वच्छ होती की त्याच्या पावलांचे ठसे मोजता आले असते. तो तिथं उभा होता, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग मास्तर उठले.

"साहेब," ते म्हणाले, "मी नाव मागं घेतो."

आश्रुबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मास्तर?"

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "गावाचा कौल दिसतोच आहे. किशनरावांशी माझं बोलणं झालंय. एकमतानं कमिटी झाली तर शाळा लवकर मंजूर होते म्हणतात. मराठी शाळा. आत्ता फूट दिसायला नको." एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत पाटलांनी पुढं होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. मराठीपायी सहा महिने जेल भोगलेला तो माणूस. शाळेच्या नावानं तो विकला गेला असंही म्हणवत नाही आणि नाही असंही म्हणवत नाही. ते जाऊन पाटलांच्या ओळीत उभे राहिले. कुठं उभं राहावं ते त्यांना कळेना, कारण त्यांच्या घरात बैल नव्हता. शेवटी कुलकर्ण्यानं त्यांना आपल्या मागं जागा करून दिली.

आता साहेबासमोर एक भरलेली ओळ होती आणि एक रिकामी खुर्ची, आणि खुर्चीमागं गळ्यात हलगी घातलेला एक माणूस.

"बाबा, तुम्ही कुणाच्या मागं आहात?" साहेबानं विचारलं. आवाज मऊ होता.

आश्रुबानं खुर्चीकडं पाहिलं, मग तिच्यापलीकडच्या लिंबाकडं. "चंद्रभानच्या."

साहेबानं कागद चाळला. "हे नाव तर नाही इथं. कोण चंद्रभान?"

गाव मातीकडं बघू लागला. अखेर भुजंग म्हणाला, "मेलाय त्यो, सायेब. वैशाखात."

"मेलेल्या माणसामागं उभं राहता येत नाही, बाबा," साहेब म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं क्षणभर दऊत उघडीच ठेवली. मग त्यानं कागदावर ‘सर्वानुमते’ असं लिहिलं, खाली सही केली आणि जीपकडं निघाला. जाताना म्हणाला की इतकी शिस्तशीर निवडणूक त्यानं तालुक्यात दुसरी पाहिली नाही.

पाटलांच्या गळ्यात हार पडला. त्यांनी हार काढून हातात घेतला आणि म्हणाले, "आश्र्या."

बघा, काम झालं होतं.

"दवंडी दे. गावानं एकमुखानं किशनराव पाटलाला मुख्य नेमलं म्हनून. आन जादा शानपना नको."

आश्रुबानं हलगी पुढं घेतली. "जी," म्हणाला, आणि निघाला.

पहिल्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं तीन ठोके दिले.

"ऐका हो ऐका! समद्या गावानं किशनराव पाटलाला मुख्य नेमलं हो!" आणि मग, दम घेऊन, पूर्णेच्या पलीकडं जावा अशा आवाजात, "एक मानूस सोडून हो!"

दारं उघडली. लोक आत्ताच वेशीतून परतले होते, हातपाय धूत होते. आश्रुबा पुढच्या कोपऱ्यावर गेला. "समद्या गावानं नेमलं हो! एक मानूस सोडून!" तिसऱ्या गल्लीत भुजंग धावत आला. त्यानं हलगीची दोरी धरून हिसडा मारला. दोरी आश्रुबाच्या मानेला कापत गेली आणि तुटली. भुजंगानं हलगी गुडघ्यावर घेतली, दोन्ही हातांनी दाबली, कातडं फाटल्याचा आवाज आला.

"आता वाजीव," भुजंग म्हणाला.

कडूबाई कुठूनशी येऊन उभी होती. तिनं कपाळाला हात लावला.

हलगी गेली तरी आवाज होता. आश्रुबा नुसत्या आवाजानं ओरडत पुढं गेला, आणि असा ओरडत ओरडत तो धुरपताबाईच्या दारापाशी आला. रोजच्या सवयीनं त्याचा हात काखेकडं गेला. काखेत दाबायला काही नव्हतं. तो दारासमोर उभा राहिला, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"समद्या गावानं नेमलं हो," तो म्हणाला. इथं त्याला मोठ्यानं ओरडता येईना. "एक मानूस सोडून."

म्हातारी चुलीपाशी होती. ती उठून उंबऱ्यावर आली. हाताला पीठ होतं.

"कोन रं त्यो एक?" तिनं विचारलं. वेशीत जे झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी विचारलं.

"मी, माय."

तिनं त्याच्या मानेवरच्या दोरीच्या वळाकडं पाहिलं. आश्रुबाला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर आत ये म्हणेल. काही का असेना, बोलेल.

"मी त्या दिशी पाटलाच्या गोठ्यामागं शेन गोळा करायला गेले व्हते," धुरपताबाई म्हणाली. "तुला तिथनं जाताना बगितलं, आन घोडे मी बी बगितले, आश्रुबा. सात व्हते. घरी येऊन मी ठरीवलं, पोराला सांगावा धाडायचा, येऊ नगं म्हनून. तेवढ्यात नदीवरनं तुझा आवाज आला." तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "मला वाटलं, आश्रुबा वरडायलाय म्हंजी माझ्याच डोळ्याला काय तरी झालं."

आश्रुबाचा पूर्णेच्या पलीकडं जाणारा आवाज दोन हातांवरच्या उंबऱ्यापर्यंत जाईना.

"तवा वरडायचं व्हतं येवढं," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि भाकरी घेऊन आली. अर्धी होती. रीतीप्रमाणे तिनं ती वरून सोडली, हाताला हात लागू न देता, आणि आश्रुबानं रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी खाली झेलली. भाकरी गरम होती. धुरपताबाईनं दार लोटून घेतलं.

पुढं अजून दोन गल्ल्या राहिल्या होत्या. आश्रुबा भाकरी तशीच ओंजळीत धरून त्यांतून चालत गेला. लोक दारात उभे होते, आता हा काय ओरडतो ते ऐकायला.